उसाच्या मुलखातली लिंडा

३० जुलै २०२३, सिडनी. महिला फुटबॉल विश्वचषकात जर्मनी आणि कोलंबिया समोरासमोर आहेत. जर्मनी दोन वेळची जगज्जेती, १९९५ नंतर विश्वचषकाच्या गटसाखळीत एकदाही न हरलेली. मध्यंतरापर्यंत कुणाचाच गोल नाही. ५२व्या मिनिटाला कोलंबियाला कॉर्नर मिळतो, गोलसमोर धक्काबुक्की होते आणि चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या अंगाला उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीकडे येतो. तिच्या समोर दोन उंच बचावपटू आहेत आणि त्यांच्यामागे मेर्ले फ्रोम्स ही अनुभवी गोलरक्षक. सरळ जायला वाट नाही. मुलगी चेंडू ताब्यात घेते, एका झटक्यात उजवीकडे ओढते आणि दोघींच्या मधून-पुढून निसटते. लगेच उजव्या पायाचा फटका. चेंडू गोलच्या बाहेर चाललाय असेच वाटते. मग तो हवेत वळतो आणि लांबच्या खांबाच्या आतून, वरच्या कोपऱ्याच्या बाजूने जाळ्यात शिरतो.

जर्मनीने ८९व्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी केली, पण भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला मानुएला वानेगासने डोक्याने गोल केला आणि कोलंबिया २-१ ने जिंकली. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र पहिला गोल. तो करणारी मुलगी लिंडा कायसेडो.

ही लिंडा नऊ महिन्यांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात खेळून गेली होती. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, तिच्यात कोलंबियाच्या आघाडीला ती होती. नगरहून कल्याण रस्त्याला लागून माळशेज घाट उतरला की चार-पाच तासांत नेरुळ येते. इतक्या जवळ येऊन गेली, आणि आपल्यापैकी किती जणांनी तिचे नाव ऐकले? म्हणून आज तिच्याबद्दल लिहायचे आहे. दुसरेही एक कारण आहे, पण त्याकडे येण्याआधी तो गोल नीट उलगडून पाहू. त्या दोन-तीन सेकंदांत इतके काही घडते की ते समजले तर फुटबॉल पाहण्याची नजरच बदलते.

चेंडू पायाशी येण्याआधीपासून सुरुवात करू. चांगला फॉरवर्ड चेंडू येण्याची वाट पाहताना चेंडूकडे टक लावून बसत नाही. तो मान वळवतो, खांद्यावरून मागे बघतो, पुन्हा चेंडूकडे, पुन्हा बाजूला. गेयर योर्डेट या नॉर्वेच्या संशोधकाने मोठ्या खेळाडूंवर एकेक कॅमेरा रोखून त्यांच्या मानेच्या हालचाली मोजल्या. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त यशस्वी होतात, असे त्याला आढळले. म्हणजे आपल्याला जी चपळाई पायांत दिसते, तिचा निम्मा भाग आधीच मानेने करून ठेवलेला असतो. चेंडू आला तेव्हा लिंडाला दोन्ही बचावपटू कुठे आहेत आणि मोकळी जागा कुणीकडे आहे, हे शोधायचे नव्हते. ते तिला ठाऊक होते.

आता त्या दोघींना चुकवणे. धावणाऱ्या किंवा सरकणाऱ्या माणसाचे वजन बहुतेक वेळा एका पायावर असते. तो पाय जमिनीवर रोवलेला असेपर्यंत त्याला सहज दिशा बदलता येत नाही. दुसरा पाय टेकेपर्यंत तो त्या दिशेला बांधलेला असतो. ड्रिबलिंगची सगळी विद्या या क्षणात आहे. समोरच्याने वजन टाकले रे टाकले, की चेंडू उलट बाजूला न्यायचा. आधीही नाही आणि नंतरही नाही. हे बघायला सेकंदाचा छोटासा तुकडा मिळतो आणि विचार करून ठरवण्याइतका वेळ त्यात नसतो. खेळाडूने हे हजारो वेळा केलेले असते आणि म्हणून शरीर आपसूक ओळखते. लिंडाने चेंडू उजवीकडे ओढला तेव्हा दोन्ही जर्मन खेळाडूंचे वजन चुकीच्या पायावर होते. त्या वळेपर्यंत ती पुढे गेलेली होती.

तिसरी गोष्ट फटका, आणि इथे मला सर्वांत जास्त नवल वाटते. गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. पेनल्टी क्षेत्राची रेषा गोलपासून साडेसोळा मीटरवर. तिथून ताशी ८० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सेकंदाला सुमारे २२ मीटर कापतो, म्हणजे पाऊण सेकंदात गोलपाशी. त्यातले पाव सेकंदाच्या आसपास गोलरक्षकाचे डोळे आणि मेंदू खातात. उरलेल्या अर्ध्या सेकंदात तिला तीन-साडेतीन मीटर बाजूला झेप घ्यायची. हे अवघड असले तरी जमते, कारण चेंडू कुठे जाणार हे ती तो सुटतानाच ओळखते.

लिंडाने तिला तेच ओळखू दिले नाही. तिने चेंडूच्या मध्यभागी मारले नाही; उजव्या बाजूला, बुटाच्या आतल्या कडेने मारले. त्यामुळे चेंडू पुढे जाताना स्वतःभोवती गरगर फिरत गेला. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवाही थोडी फिरवतो आणि मागे सुटणारा हवेचा झोत एका बाजूला ढकलतो. चेंडूने हवा उजवीकडे ढकलली, की हवा चेंडूला डावीकडे ढकलते. बर्लिनच्या गुस्ताव माग्नुस या भौतिकशास्त्रज्ञाने १८५२ च्या सुमारास हा परिणाम अभ्यासला, म्हणून त्याला माग्नुस परिणाम म्हणतात. क्रिकेटमध्ये ऑफस्पिनरचा हवेत वाहत जाणारा चेंडू याच नियमाने वाहतो.

माणसाच्या डोळ्याला हे वळण आधी कळत नाही. व्यावसायिक फुटबॉलपटू आणि गोलरक्षक यांना घेऊन प्रयोग झाले आहेत. बाजूने फिरणाऱ्या चेंडूचा पहिला टप्पा दाखवून तो गोलमध्ये जाईल की बाहेर, असे त्यांना विचारले. वर्षानुवर्षे खेळलेले लोकही चुकले. सरळ जाणाऱ्या किंवा वरून खाली येणाऱ्या वस्तूचा अंदाज बांधायला आपले डोळे तयार झालेत. दगड, फांदी, फळ यांचा मार्ग आपण बरोबर ओळखतो. पण हवेत आडवी वळत जाणारी वस्तू निसर्गात फारशी भेटत नाही. फ्रोम्सने झेप घेतली, पण चेंडू तिच्या अंदाजापेक्षा पलीकडून फिरून आला. जगातल्या चांगल्या गोलरक्षकांपैकी एकीला अठरा वर्षांच्या मुलीने हवेच्या एका नियमाने हरवले. उजव्या पायाची खेळाडू डाव्या बाजूला का उभी करतात, त्याचे उत्तरही इथेच आहे. डावीकडून आत वळले की तिचा जोरकस पाय गोलकडे येतो आणि वळणारा फटका आपोआप लांबच्या खांबाकडे जातो.

आता ते दुसरे कारण.

लिंडाचा जन्म २२ फेब्रुवारी २००५ चा. कोलंबियाच्या नैर्ऋत्येला काउका नदीचे रुंद, सपाट खोरे आहे. त्या खोऱ्यातल्या कांदेलारिया तालुक्यात विय्यागोर्गोना नावाचे गाव आहे, ती तिथली. जवळचे मोठे शहर काली. काउकाचे खोरे म्हणजे कोलंबियाचे साखरेचे कोठार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगा, कारखान्यांची धुराडी. आपण श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव, नेवासे या बाजूला राहणारी माणसे. लोणीला १९५० मध्ये आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून. जगाच्या दुसऱ्या टोकाला, उसाच्याच मुलखात, धूळ आणि पाचटाच्या वासात वाढलेली एक मुलगी माद्रिदच्या रेआल क्लबपर्यंत जाते, हे कळल्यावर मला आपल्या जिल्ह्याकडे पुन्हा बघावेसे वाटले.

मग ती इतक्या लवकर तिथवर कशी पोहोचली? लिंडा लहानपणी गल्लीत मुलांबरोबर खेळायची. मुलींचा संघ जवळपास नव्हता, म्हणून मुलांच्या संघात एकटी मुलगी. हे ऐकताना कौतुक वाटते, पण त्यात एक व्यवहाराची बाबही आहे. मुले अंगाने थोडी दांडगी असतात, त्यांच्यात ताकदीने निभावत नाही. चेंडू पायाशी चिकटवून ठेवावा लागतो, वेळेआधी सोडावा लागतो, जागा आधी हेरावी लागते. पुढे जर्मनीच्या उंच खेळाडूंसमोर जे कामी आले, त्याचा सराव तिथे रोज होत होता.

आणि २०१७ मध्ये कोलंबियात महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली. लिंडा तेव्हा बारा वर्षांची होती. २०१९ मध्ये चौदाव्या वर्षी ती अमेरिका दे काली या क्लबच्या मोठ्या संघात आली आणि त्याच वर्षी तो संघ देशाचा विजेता झाला. वर्ष संपायच्या आत ती कोलंबियाच्या राष्ट्रीय संघातही खेळली. चौदा म्हणजे आपल्याकडे नववीचे वय.

इथे थांबून एक योगायोग सांगतो, जो मला योगायोग म्हणून सोडवत नाही. आपल्या देशातली महिला फुटबॉल लीगही २०१७ मध्येच सुरू झाली. कोलंबिया आणि भारत, एकाच वर्षी. पाच वर्षांनी दोन्ही देशांच्या मुली एकाच विश्वचषकात उतरल्या, तोही आपल्या घरी. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. भुवनेश्वरला भारताचे तीन सामने झाले: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. एकही गोल झाला नाही. त्या संघात पुण्याची काजोल डिसूझा होती, आणि बाकीच्या मुलीही आपापल्या गावातून धडपडत आलेल्या. त्या कमी पडल्या असे मी म्हणणार नाही. त्यांच्या वयाच्या लिंडाने तोवर तीन वर्षे मोठ्या बायकांच्या लीगमध्ये दर आठवड्याला कस लावून सामने खेळले होते. आपल्या मुलींची लीग मात्र अनेक वर्षे काही आठवड्यांत एका ठिकाणी उरकली जायची. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर दोन्ही सामने, अशी पूर्ण पद्धत आली ती २०२३-२४ च्या हंगामात. फॉरवर्डला गोल करायला शिकवायचे तर तिला खूप वेळा गोल हुकवू द्यावा लागतो, आणि त्यासाठी सामने लागतात.

लिंडाच्या वाटेत एक खोल खड्डा आला. २०२० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले. पुन्हा खेळता येईल की नाही, ही शंका तिला स्वतःलाही होती, असे तिने पुढे जाहीरपणे सांगितले. आपल्याकडे असा आजार झालेल्या मुलीच्या बाबतीत आजाराचे नावसुद्धा घराबाहेर जाऊ देत नाहीत. लग्नाची काळजी आधी. लिंडा आजाराबद्दल उघड बोलली आणि परत आली. २०२१ मध्ये ती देपोर्तिवो काली या संघातून देशाची विजेती झाली. मला तिच्या सगळ्या गोलांपेक्षा हे मोठे वाटते.

मग आले ते वर्ष, जे वाचताना दम लागतो. जुलै २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेची मोठ्या संघांची स्पर्धा, कोपा अमेरिका, कोलंबियातच भरली. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल लिंडाचा. अंतिम सामन्यात ब्राझीलकडून ०-१ अशी हार, पण स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू सतरा वर्षांची लिंडा. ऑगस्टमध्ये कोस्टा रिकाला २० वर्षांखालील विश्वचषक. ऑक्टोबरमध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक. एका मुलीने चार महिन्यांत तीन वयोगटांत देशासाठी खेळायचे. माझे स्पष्ट मत आहे की हे तिच्या शरीरावर अन्यायाचे होते, आणि कुठल्याही देशाच्या संघटनेने असे करू नये. जुलै २०२३ च्या विश्वचषकात, त्या जर्मनीच्या सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी, सरावात ती छातीवर हात धरून मैदानावर कोसळली होती. सुदैवाने तपासणीत गंभीर काही निघाले नाही. थकवा साचला होता.

भारतातल्या त्या स्पर्धेत तिने चार गोल केले. गोव्यात मडगावला उपांत्य सामन्यात नायजेरियाशी ०-० अशी बरोबरी झाली आणि पेनल्टीवर कोलंबिया ६-५ ने जिंकली. पुरुष असोत वा महिला, कोणत्याही वयोगटात कोलंबिया विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. नेरुळला समोर स्पेन होता, आधीचा विजेता. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटूच्या पायाला लागून चेंडू तिच्याच जाळ्यात गेला आणि तेवढ्यावर स्पेन जिंकला. चारच महिन्यांनी, अठरा पूर्ण झाल्याबरोबर, लिंडा रेआल माद्रिदची झाली.

नेरुळच्या त्या गवताबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथेच महिलांच्या आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात चीनने ०-२ वरून उलटून दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवले. ऑक्टोबरमध्ये लिंडा. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री तिथेच भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. चार वर्षांच्या आत मुलींच्या तीन मोठ्या अंतिम लढती पाहिलेले मैदान आपल्या राज्यात आहे. आपल्या मुलींना सहलीला नेताना कधी तिथेही न्यावे.

आता नगरच्या उसाकडे वळतो. काउकाचे खोरे विषुववृत्ताला लागून आहे. तिथे ऋतू फारसे बदलत नाहीत, त्यामुळे ऊस बारा महिने लावतात आणि बारा महिने तोडतात. जगात असे मुलूख मोजकेच. आपल्याकडे गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि कारखान्याच्या तळावर कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. पहाटे अंधारात आई-बाप फडात. कोपीवर राहते नऊ-दहा वर्षांची मुलगी. धाकटा भाऊ तिच्या कडेवर, चूल तिच्याकडे, पाणी तिच्याकडे. साखरशाळा असेल तर थोडे नशीब, नसेल तर शाळेचे सहा महिने गेले.

आधी सांगितले ते वजन ओळखणे, मान वळवणे, पायाच्या कडेने चेंडू फिरवणे या गोष्टी कोणत्या वयात अंगात मुरतात? प्रशिक्षकांचा अनुभव सांगतो, साधारण आठ ते चौदा. त्या वयात शरीर नव्या हालचाली सहज आत्मसात करते आणि रोजचा थोडा थोडा खेळ पुढे साठून येतो. आठ ते चौदा म्हणजे सहा वर्षे. त्यातले दरवर्षी सहा महिने फडावर गेले, तर तीन वर्षे गेली. उरलेल्या तीन वर्षांत पाणी भरणे, शाळेचा मागे पडलेला अभ्यास, आणि बारा-तेरा उजाडले की घरातली कुजबुज. उसाच्या दोन मुलखांत फरक शोधायचा असेल तर मला तो इथे दिसतो. जमीन, ऊन, चपळ पाय सगळे सारखे आहे. तिकडच्या मुलीला वर्षभर तीच गल्ली आणि तोच चेंडू मिळाला.

याचा अर्थ आपल्या भागातून कुणी येऊ शकत नाही, असा मुळीच नाही. पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातल्या एका गावची मनीषा कल्याण आधी धावायची. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाने तिचा वेग हेरला आणि तिला फुटबॉलकडे वळवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलच्या मनाउस शहरात तिने ब्राझीलविरुद्ध आठव्या मिनिटाला गोल केला. भारत ते १-६ असे हरला, पण ब्राझीलला बरोबरीत आणणारा तो गोल ब्राझीलच्या मैदानावर भारताच्या मुलीने केला होता. पुढच्या वर्षी सायप्रसच्या क्लबकडून ती युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. तिथे पोहोचलेली ती पहिली भारतीय. एका शिक्षकाच्या नजरेतून हे सुरू झाले. आणि नगरला मुलींना वाट करून देणे नवे नाही. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचे धडे घ्यायला नगरला आल्या, सिंथिया फरार यांच्याकडे. मिस फरार १८३९ पासून मरेपर्यंत नगरला मुलींना शिकवत राहिल्या.

शाळेत किंवा गावात मुलींचा संघ काढायचा विचार असेल, तर एक गोष्ट सर्वांत आधी सांगायची आहे: गुडघा. तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर मुलींच्या गुडघ्यातला पुढचा तिरपा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त असते. कारणे पूर्ण उलगडलेली नाहीत, पण एक नेहमी दिसते: उडी मारून खाली येताना गुडघे आत झुकतात आणि पाय ताठ राहतो. वाईट म्हणजे ही दुखापत बहुतेक वेळा कुणी धडकल्याशिवाय, नुसते वळताना होते. मुलगी वर्षभर बाहेर बसते आणि आपल्याकडे बरेचदा कायमची.

चांगली गोष्ट अशी की यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. फिफाच्या तज्ज्ञांनी '११ प्लस' नावाचा एक वॉर्म-अप तयार केला आहे: पंधरा व्यायाम, वीस मिनिटे, कसलेही सामान नाही. संथ धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, प्लँक, बैठका, उड्या मारून गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवत अलगद उतरणे. नॉर्वेत १२५ क्लबांतल्या १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर त्याचा अभ्यास झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा वॉर्म-अप करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय खेळाच्या जगात दुसरा मला माहीत नाही. प्रत्येक क्रीडाशिक्षकाने तो शिकून घ्यावा, आणि कबड्डी-खोखोच्या मुलींनाही करून घ्यावा. गुडघा खेळ विचारत नाही.

सरकारने कधी प्रयत्नच केला नाही, असे नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने 'मिशन वन मिलियन' या नावाने राज्यभर दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचे ठरवले. शाळाशाळांतून चेंडू वाटले, मैदाने गजबजली. तो दिवस चांगला होता. पण खेळाडू एका दिवसाने होत नाही, आणि त्यातले किती चेंडू पुढच्या वर्षीपर्यंत कपाटाबाहेर राहिले, हे आपापल्या गावच्या शाळेत ज्याने त्याने पाहावे.

लिंडा अजून थांबलेली नाही. २ ऑगस्ट २०२५ रोजी क्विटोला कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध पहिला गोल तिचाच होता. सामना ४-४ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर ब्राझील जिंकले. देशासाठी तिसरा मोठा अंतिम सामना ती हरली, आणि वय होते वीस. तिच्यासमोर अजून तीन तरी विश्वचषक आहेत, असे धरून चालायला हरकत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना मात्र एक विनंती. यंदा टोळ्या निघायच्या आधी आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, ते विचारा. आई-बाप फडावर गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावे म्हणून ही सोय आहे. तिची मागणी गावाकडून गेली नाही तर ती कागदावरच राहते. वसतिगृह सुरू झाले, तर तिथल्या मुलींसाठी चार नंबरचा एक फुटबॉल घेऊन द्या. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना तोच आकार लागतो. आणि संध्याकाळी पाच ते सहा मैदान मुलींचे असेल, एवढे शिक्षकांकडून आणि गावातल्या पोरांकडून कबूल करून घ्या.